डीएनए चाचणी नेमकी चुकते कुठे? माझा अनुभव

पितृत्वाच्या डीएनए चाचणीचा निकाल चुकू शकतो का, असं अशील विचारतं तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळा असते. माझ्या डोळ्यांसमोर सरकारी रुग्णालयातलं ते टेबल येतं, जिथे तिघांचं रक्त काढून नळ्यांवर चिठ्ठ्या डकवल्या जातात. कौटुंबिक न्यायालयात अशी प्रकरणं चालवताना यंत्र चुकल्याचं मी पाहिलेलं नाही. टेबलावरचा घोळ मात्र वारंवार पाहिलाय आणि त्यावरून अजून डोकं तापतं.

आदेश मिळवण्याचा भाग थोडक्यात सांगतो. नुसता संशय आहे म्हणून कोर्ट चाचणी देत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1993 सालीच सांगितलंय. लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल नवऱ्याचंच, हे गृहीतक पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम 112 मध्ये होतं. 1 जुलै 2024 पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 116 मध्ये आहे. पुण्याच्या एका प्रकरणात कौटुंबिक न्यायालयाने दिलेला आणि उच्च न्यायालयाने कायम ठेवलेला चाचणीचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये रद्द केला, कारण सर्वोच्च न्यायालयाने मुलाचा हक्क आधी पाहिला. पती-पत्नीचा संबंधच आला नव्हता, हे दाखवणारं काही हातात असेल तरच अर्ज करा. "आम्हा दोघांचा ओ, मग पोराचा बी कसा?" एवढ्यावर तर मुळीच नको. बॉम्बे रक्तगट 1952 मध्ये आपल्या मुंबईतच सापडला. अशा माणसाचा गट नेहमीच्या तपासणीत ओ दिसतो, पण तो मुलाला ए किंवा बी देऊ शकतो. आधी रक्तपेढीत हा गट ओळखणारी अँटी-एच तपासणी करून घ्या.

आता टेबल. आदेश हातात, तारीख ठरलेली, दोन्ही बाजू हजर, आणि वैद्यकीय अधिकारी म्हणतात, "वकीलसाहेब, रक्त काढून देतो, बाकीचं तुमचं तुम्ही बघा." बाकीचं म्हणजे ओळखपत्रक! ज्याच्यावर अख्खा अहवाल उभा राहायचा तो कागद. त्यावर प्रत्येकाचा फोटो हवा, अधिकाऱ्याचा शिक्का अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर पडलेला हवा, सही हवी, अंगठ्याचा ठसा हवा, ओळखपत्राची प्रत हवी. हे सगळं कशासाठी, तर कथित बापाच्या जागी त्याचा मित्र हात पुढे करून बसला तर प्रयोगशाळेला ते कळायचा मार्ग नाही. ती मित्राच्या रक्ताचा अगदी अचूक निकाल देईल. मी दोन्ही वकील समोर असल्याशिवाय सुई टोचू देत नाही, मग अधिकारी कितीही वैतागोत.

नळीचंही तेच. जांभळ्या झाकणाची, ईडीटीए (रक्ताची गुठळी होऊ न देणारं रसायन) असलेली नळी लागते. प्रत्येकी दोन-तीन मिली रक्त पुरतं. हिरव्या झाकणाच्या नळीत हेपरिन असतं आणि ते पुढच्या पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायच्या, प्रक्रियेत अडथळा आणतं. तरी "जी आहे ती वापरतो" म्हणून हिरवी पुढे होते. जांभळी नळी रक्त भरल्यावर आठ-दहा वेळा हलकेच उलटीपालटी करायची, नाहीतर गुठळी होते. खळाखळा हलवायची नाही. प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत बर्फाच्या डब्यात ठेवायची, पण गोठवायची नाही. चिठ्ठी रक्त काढल्यानंतर, त्या माणसाच्या समोर लावायची. आधीच नावं घालून ओळीने मांडून ठेवलेल्या नळ्या मला दिसल्या की मी तिथेच थांबवतो.

सगळ्यात मोठा राग आहे तो पत्रकावरच्या एका रकान्याचा. अलीकडे रक्त चढवलंय का, अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालंय का? हा रकाना हमखास कोरा जातो, किंवा न विचारताच "नाही" लिहिलं जातं. रक्त चढवल्याने बहुतेक वेळा फरक पडत नाही, तरी दात्याच्या पांढऱ्या पेशी राहून दोघांच्या डीएनएचं मिश्र प्रोफाइल येऊ शकतं. थॅलेसेमियाच्या मुलाला तर सतत रक्त लागतं, तिथे गालाच्या आतला स्वॅब घ्यायला सांगा. प्रत्यारोपणाचं प्रकरण त्याहून गंभीर आहे. त्यानंतर रक्तातला डीएनए दात्याचा होतो. बापाला त्याच्या भावाची मज्जा मिळाली असेल तर नळीतलं रक्त काकाचं प्रोफाइल दाखवणार! अशा वेळी गालाच्या स्वॅबमध्येही दात्याच्या पेशी मिसळलेल्या सापडतात, म्हणून मुळासकट उपटलेले केस मागायचे. एका प्रश्नाला अर्धा मिनिट लागतो, आणि तो विचारायला टेबलाजवळ कोणी तयार नसतो.

सील करताना लाखेचा ठसा पाकिटावर आणि सोबतच्या पत्रावर सारखाच हवा. पत्रावर नमुना-सील नसेल तर प्रयोगशाळेच्या आवक खिडकीवरून मुद्देमाल परत येतो, आणि मग पुन्हा तारीख, पुन्हा सगळ्यांना बोलावणं.

आईचा नमुना घेऊ नका असं समोरचा पक्ष कधी कधी सुचवतो, "वाद तर बापाचा आहे" म्हणून. ऐकू नका. आईमुळे मुलाच्या डीएनएतल्या प्रत्येक जोडीतला बापाकडून आलेला अर्धा भाग नक्की कळतो. शिवाय नळ्यांची अदलाबदल झाली असेल तर तीही तिच्यामुळेच पकडली जाते: आई आणि मूल जुळत नसतील तर आधी टेबलाकडे बोट दाखवायचं. अहवालातलं लिंग तपासणं हा दुसरा धागा, पण तो शंभर टक्के नाही. काही भारतीय पुरुषांच्या वाय गुणसूत्रावरचा अमेलोजेनिनचा भाग, ज्यावरून लिंग ठरवतात, गळलेला असतो आणि ते स्त्री म्हणून दिसतात. चाचणीच्या नव्या किटमध्ये वायचे जास्तीचे मार्कर (डीएनएवरच्या तपासायच्या ठरावीक जागा) असतात, त्यावर हे सुटतं.

अहवाल आला की शेवटचं "नाकारता येतो" किंवा "नाकारता येत नाही" एवढंच वाचून थांबू नका, तक्ता पाहा. त्यात प्रत्येक मार्करवर माणसाचे दोन आकडे असतात, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. समजा एफजीए या मार्करवर बाप 21, 24, आई 20, 22 आणि मूल 22, 25 आहे. 22 आईकडून आला. 25 बापाकडे नाही, पण 24 आहे. ही एका पायरीची उत्परिवर्तनं होतच असतात, आईबापाकडून मुलाकडे जाताना साधारण हजारात एक ते चार, मार्करप्रमाणे कमीजास्त, आणि बापाकडून जास्त. दुसरं उदाहरण: बाप 16, 16, मूल 12, 12, आई 12, 14. बाप आणि मूल दोघांचीही एकच संख्या, आणि ती वेगवेगळी, असं दिसलं की कदाचित दोघांत एक अ‍ॅलील (म्हणजे जोडीतला एक आकडा) प्रायमर, म्हणजे प्रती काढायला सुरुवात करून देणारा डीएनएचा छोटा तुकडा, चिकटला नाही म्हणून दिसलाच नाही. वेगळ्या प्रायमरच्या किटने तोच मार्कर पुन्हा करायला सांगा. म्हणून एकाच विसंगतीवर कोणालाही बाद करत नाहीत. खरोखर परका माणूस असेल तर पंधरा-वीस मार्करांत कितीतरी ठिकाणी फटी दिसतात.

अडचण येते ती एक-दोन-तीन विसंगतींवर अडकलेल्या अहवालात. तो उत्परिवर्तन झालेला बाप असेल, किंवा खऱ्या बापाचा सख्खा भाऊ. अहवालातलं 99.99 टक्के हे रस्त्यावरच्या कोणत्याही अनोळखी पुरुषाशी तुलना करून आलेलं असतं, आणि त्यात सुरुवातीला शक्यता निम्मी-निम्मी धरलेली असते. पितृत्व निर्देशांक, म्हणजे असा निकाल अनोळखी पुरुषापेक्षा या माणसामुळे येण्याची शक्यता किती पट, तो 10,000 असला की 99.99 येतात, 100 असला की 99च्या थोडं वर. दीर प्रकरणात आहे हे प्रयोगशाळेला कळवलं नाही तर तो या हिशेबात नसतो. तेव्हा जास्त मार्कर मागा आणि दोन्ही भावांचे नमुने द्या. वाय चाचणीचा आग्रह धरणारे पुष्कळ भेटतात. भावांमध्ये वाय तोच, पैसे वाया. मूल मुलगी असेल तर एक्स मार्करचा उपयोग होतो. जुळ्या एकसारख्या भावांपुढे मात्र ही नेहमीची चाचणी हात टेकते.

कायमेरा, म्हणजे एकाच शरीरात दोन प्रकारचे डीएनए, हे खरं आहे. 2002 मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात एका आईला स्वतःच्या मुलांची आई नाही ठरवण्याची वेळ आली होती. पण माझ्याकडे येणारा प्रत्येक हरलेला पक्ष हेच कारण सांगतो, आणि ते इतकं दुर्मिळ आहे की आधी ओळखपत्रक तपासावं.

फेरचाचणी मागायची असेल तर अहवाल नको तसा आला एवढं पुरत नाही. नागपूरच्या एका प्रकरणात तिथल्या प्रादेशिक प्रयोगशाळेचा अहवाल मान्य नाही म्हटल्यावर हैदराबादच्या केंद्रीय प्रयोगशाळेत पुन्हा चाचणी झाली, निकाल तोच आला आणि 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्याच्या गृहीतकापेक्षा तो वर मानला. अर्जात नेमकं लिहा: नळीचं झाकण कोणतं, सील जुळलं का, कोणता मार्कर, कोणतं किट. नवीन नमुना मागा, जुन्याच नळीतून पुन्हा करून भागत नाही, कारण घोळ नळीतच असेल तर तो तसाच येईल.

कुरिअरने घरी मागवलेल्या किटचा अहवाल कोर्टात चालत नाही. नमुना कोणाचा हे सांगणारं त्यात कोणी नसतं. आणि हो, अंगावर पिणाऱ्या बाळाचा स्वॅब घ्यायचा असेल तर पाजल्यानंतर तासभर थांबायचं आणि तोंड पुसून घ्यायचं, नाहीतर आईच्या पेशी त्यात येतात. स्वॅब वाळवून कागदी पाकिटात घालायचा; प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला की ओल धरून बुरशी येते.