नव्वी, दश्शी आणि मकाव

सकाळी साडेसातला मी कामाला निघते, तेव्हा आमच्या मजल्यावरची शेजारीण रात्रपाळी करून लिफ्टमधून बाहेर पडते. मनातल्या मनात मी तिला ताईच म्हणते. ती कॅसिनोत पत्ते वाटते. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या या मकावमध्ये हे काम फक्त इथल्या रहिवाशांना मिळतं. माझ्यासारख्या निळ्या कार्डावर, म्हणजे कामाच्या परवान्यावर, राहणाऱ्या परदेशी माणसांना नाही. मी हॉटेलच्या हिशेब खात्यात आहे. इथे येऊन सहा वर्षं झाली, तरी सांगलीहून फोन आला की प्रश्न ठरलेला: तिथे एवढे लोक खेळतात तरी काय?

खेळतात ते बॅकारा. इथल्या कॅसिनोंच्या कमाईतला पाचातले चार भाग या एका पत्त्यांच्या खेळातून येतात. 2006 साली मकावने कमाईत अमेरिकेतल्या लास वेगसच्या, कॅसिनोंनी भरलेल्या मुख्य रस्त्याला मागे टाकलं आणि 2013 साली ती सुमारे 45 अब्ज डॉलरवर गेली. आणि खेळ कसा, तर आपल्या झब्बूहून सोपा. एक बाजू ‘बँकर’, दुसरी ‘प्लेअर’, दोन्हीकडे दोन-दोन पानं. एक्का म्हणजे एक, दश्शी आणि चित्रं म्हणजे शून्य, बेरजेतला दशक सोडून द्यायचा. सत्ती आणि अठ्ठी आली तर पंधरा नव्हे, पाच. नऊच्या जवळ जो, तो जिंकला. तिसरं पान घ्यायचं की नाही हेही नियमानेच ठरतं. खेळणाऱ्याने फक्त पैसे कुठे लावायचे ते ठरवायचं.

याचा इतिहास मी शोधून वाचला, कारण त्यात या गावाचंच नाव निघालं. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात ‘मकाव’ नावाचा पत्त्यांचा जुगार जोरात होता. तिथेही चित्रं शून्य, तिथेही नऊ गाठायचे. लंडनच्या वॉटियर्स क्लबात तो रात्र-रात्र चाले. शौकीन कपड्यांसाठी प्रसिद्ध असलेला ब्यू ब्रमेल तिथलाच. 1816 साली कर्जापायी त्याला फ्रान्सला पळून जावं लागलं. पत्त्यांच्या खेळांचे अभ्यासक बॅकाराचं मूळ या मकावात पाहतात. बॅकारा नावाने तो एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये छापील पुस्तकात आला. 1890 साली तर इंग्लंडच्या युवराजासमोर, ट्रॅन्बी क्रॉफ्टच्या वाड्यात, खेळताना लबाडी केल्याचा आरोप एका सरदारावर झाला. खटला कोर्टात गेला आणि युवराजाला साक्षीला उभं राहावं लागलं. पुढे तोच सातवा एडवर्ड झाला.

फ्रेंच प्रकारात खेळणारे आळीपाळीने बँक सांभाळत आणि पाच आले की तिसरं पान मागायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. क्युबात हा अधिकार काढून घेतलेला प्रकार चालत होता. टॉमी रेन्झोनी नावाच्या माणसाने तो हवानाहून नेऊन 1959 साली लास वेगसच्या सँड्स कॅसिनोत मांडला. ठरवण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून चुकायची भीतीही उरली नाही. माझ्या मते हा खेळ जगभर गेला तो याचमुळे.

मकावमध्ये 1962 ते 2002 कॅसिनोंचा मक्ता स्टॅन्ली हो यांच्या कंपनीकडे होता. मक्तेदारी संपल्यावर 2004 साली पहिला अमेरिकी कॅसिनो उघडला. इथे बॅकाराला ‘बाक-का-लोक’ म्हणतात, शंभर घरांचा आनंद. आणि इथे एक गोष्ट खेळणाऱ्याच्या हातात परत मिळाली: पान उघडणं.

हे मला ताईने तिच्या स्वयंपाकघरात दाखवलं. टेबलावर मेणकापड, बाजूला चहाची किटली. तिने किलवरचं एक पान पालथं ठेवलं, दोन्ही अंगठे कोपऱ्यांवरच्या आकड्यांवर दाबले आणि लांब कड मिलीमीटरने उचलायला लागली. कडेला काहीच दिसलं नाही तर एक्का, दुर्री किंवा तिर्री. दोन ठिपके म्हणजे चौकी किंवा पंजी. तीन म्हणजे छक्की, सत्ती, अठ्ठी. आम्हाला चार दिसले. म्हणजे नव्वी, नाहीतर दश्शी. नऊ, नाहीतर शून्य! अशा वेळी लोक पानावर फुंकर मारतात, मधला जादा ठिपका उडून जावा म्हणून. मीही मारली. माझे हात गार पडले होते, आणि टेबलावर एक दमडी नव्हती.

म्हणून सांगते, या फुंकरीची ताकद कमी समजू नका. कॅसिनोचा वाटा लहान दिसतो: बँकरवर 100 रुपयांमागे 1 रुपया 6 पैसे, प्लेअरवर 1 रुपया 24 पैसे, दोन्ही बाजू बरोबरीत सुटतील यावर लावले तर मात्र तब्बल 14 रुपये. पण दर डावाला तो कापला जातो आणि डाव मिनिटभरात संपतो. त्यात टेबलाशेजारच्या फलकावर मागच्या डावांची लाल-निळी वर्तुळं उमटत असतात (लाल म्हणजे बँकर जिंकला, निळं म्हणजे प्लेअर), आणि सलग सहा लाल दिसले की सातवंही लाल असणार असं माणसाला मनापासून वाटतं. पानांना मागचं काही आठवत नसतं. लिस्बोआ कॅसिनोच्या आसपासच्या गल्ल्यांतून मी रोज जाते. तिथे ओळीने गहाणवटीची दुकानं, काचेमागे घड्याळं, अंगठ्या. कुणाचं तरी लग्नातलं असेल, असं प्रत्येक वेळी वाटतं आणि पाय जड होतात.

मकावही पोर्तुगीजांचं होतं, आणि 1844 पर्यंत या गावाचा कारभार गोव्याच्या हाताखाली होता. आता मांडवीतल्या कॅसिनो बोटींवरही बॅकाराची टेबलं आहेत, आणि आपली मुलं सुट्टीत तिथे जातात. मी हे त्यांच्यासाठी लिहितेय.

ताई स्वतः कधी खेळत नाही. कॅसिनोत काम करणाऱ्यांना कामाच्या वेळेबाहेर तिथे पाऊल टाकायला कायद्यानेच बंदी आहे. त्या दिवशी पान उलटलं तेव्हा मधे एकच ठिपका होता, नव्वी. मी टाळी वाजवली, ती नुसती हसली. वाकलेलं पान कॅसिनोत पुन्हा वापरत नाहीत, म्हणाली. मग तिने ते तळहाताने सरळ केलं आणि तांदळाच्या डब्याखाली दाबून ठेवलं. पत्त्यांचा जोड तिच्या लेकीचा होता.