शटरच्या बाजूचा पट्टा

अंबड एमआयडीसीत आमचं एफआरपीचं, म्हणजे काचेचे धागे पातळ रेझिनमध्ये भिजवून घट्ट केलेल्या प्लॅस्टिकचं, छोटं युनिट आहे. कूलिंग टॉवरची बेसिनं, टाक्यांची झाकणं, असला माल निघतो. मी क्वालिटी बघते. पाहुण्यांना वाटतं, रेझिन रंगासारखं लावलं की वाळतं. ते वाळत नाही. त्यातलं स्टायरिन पॉलिएस्टरच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधतं आणि जाळं घट्ट होत जातं. सुरुवात हार्डनर करतो, तो पेरॉक्साइड. पण नुसता हार्डनर शेडमधल्या तापमानाला जवळजवळ काहीच करत नाही. त्याला फोडायला कोबाल्ट लागतं, आणि तेही चिमूटभरच. हे दोन्ही थेट एकमेकांत कधी मिसळायचे नाहीत, भडका उडतो. म्हणून आम्ही कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिन घेतो. हार्डनर दुसऱ्या खोलीत, कुलपात.

कोबाल्ट आधीच घातलेलं म्हणजे आमच्या हातात फक्त हार्डनर उरतो. रेझिनवाले थंडीसाठी जलद ग्रेड देतात, पण परचेसनं सवलतीत उन्हाळी, हळू जमणाऱ्या ग्रेडचे ड्रम भरून ठेवले होते. जेल टाइम, म्हणजे हार्डनर घातल्यापासून रेझिन जमायला लागेपर्यंतचा वेळ, काय असतो हे परचेसमधल्या कुणाला विचारून बघा.

त्या सकाळी निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर होता. शेडमध्ये 11 अंश. पत्र्याची शेड, मोल्ड रात्रभर गारठलेला. डेटाशीटवरचे सगळे आकडे 25 अंशांचे. बीएस्सीला अऱ्हेनियसचं समीकरण पाठ केलं होतं, 1889 सालचं. शेडमध्ये त्याचं ढोबळ रूप पुरतं: दहा अंश उतरले की वेग साधारण निम्मा. नियमाप्रमाणे हार्डनर एक ते दोन टक्के. मामांनी पूर्ण दोन टक्के घेतला. मामा आमचे सगळ्यात जुने लेअपवाले, म्हणजे मोल्डवर काचेचे थर रेझिननं बसवणारे. तराजू वापरतात, पण आकडा वाचायच्या आधी त्यांना तो माहीत असतो.

"आणखी घालू का?" मी विचारलं.

"नको ताई. जास्तीचा आत तसाच राहतो, माल मऊ पडतो. गारठ्याला हार्डनर हे औषध नाही."

पद्धतीप्रमाणे कपाची चाचणी झाली. कागदी कपात शंभर ग्रॅम, काडीनं ढवळत राहायचं. पाऊण तासात जेल आलं. रजिस्टरात नोंद, काम सुरू. बेसिनचा तळ 4 मिलिमीटर, कडेचा फ्लँज 16. एरवी एवढा जाड फ्लँज दोन-तीन टप्प्यांत घालतात, कारण जाड थरातली उष्णता बाहेर पडत नाही आणि वेग आणखी वाढवते. त्या दिवशी मामांनी मुद्दाम एका दमात घातला. थंडीत ती उष्णता फुकटची भट्टी आहे, असं त्यांचं म्हणणं, आणि फ्लँजपुरतं ते खरंही ठरलं. तासाभरात फ्लँजवर हात ठेववेना. तळ मात्र चिकटच होता. एकच ड्रम, एकच बादली, एकच हार्डनर. तळाचा पातळ थर जेवढी उष्णता तयार करत होता तेवढी गार मोल्ड शोषून घेत होता.

तेवढ्यात कोपऱ्यातून धूर. उरलेलं तीनेक किलो रेझिन बादलीतच राहिलं होतं, ते जमून तापलं होतं. मामांनी बांबूनं बादली ओढत बाहेर मोकळ्यावर नेली. प्लॅस्टिक वाकलं, आतला गोळा तडकला. पोरं हसायला लागली: आत जॉब गारठतोय आणि इथं बादली पेटतेय! मला हसू आलं नाही, कारण त्याच क्षणी कपाची चाचणी डोक्यात आली. कपातलं रेझिनही गोळाच असतं. त्याचा जेल टाइम तळाच्या पातळ थराला लागू पडत नाही. आमच्या कार्यपद्धतीच्या कागदावर मोल्डच्या तापमानाचा रकानाच नाही.

दुपारनंतर ताडपत्री घालून गरम हवेचा ब्लोअर लावला. दुसऱ्या दिवशी बारकोल मीटरनं कडकपणा पाहिला. फ्लँज 42, तळाच्या मध्यावर 38, 40. शटरच्या बाजूला वीतभर रुंदीचा लांब पट्टा: 17, 15, 19. ॲसिटोनचा बोळा लावला तर बोटाला चिकटत होता. पुन्हा ब्लोअर लावला, रात्रभर. आकडे जेमतेम हलले.

पट्ट्याचं कारण मला तरी स्पष्ट दिसतं. शटर उघडं होतं, कारण स्टायरिनचा वास डोक्यात जातो, पोरांना चक्कर येते. त्या बाजूनं गार वारा. मोल्ड तिथं आणखी थंड, जेल यायला आणखी उशीर, आणि तेवढा वेळ वारा पातळ थरातलं स्टायरिन उडवत राहिला. बांधणारंच उडून गेलं तर मागून कितीही उष्णता द्या, बांधायला काय उरतं? वेग मंदावला तर नुसता उशीर होतो असं आम्ही धरून चालतो. इथं उशिरानं मालच बदलला.

ग्राहकाचा इन्स्पेक्टर आला. सुटाबुटातला माणूस, मीटर एकदाही हातात घेतलं नाही. कारणाच्या रकान्यात लिहिलं: हार्डनर नीट मिसळला नाही, कामगाराची चूक. मी म्हटलं, मिसळणीची चूक असती तर मऊ भाग ठिपक्याठिपक्यांनी कुठंही सापडले असते, शटरला समांतर सरळ रेघेत कसे? तो म्हणाला, "मॅडम, फॉर्ममध्ये वाऱ्याला कोड नाही."

पट्टा घासून काढला, नवा थर दिला, 41 आले, माल गेला. शेठ मोकळे झाले. मामा तर म्हणाले, "लिहू दे ताई, माझं काय जातंय." जातंय. त्यांच्या फाइलला तो कागद लागतोय.

त्या कागदावर सही मी अजून केलेली नाही. शटर बंद करा असं मी सांगू शकत नाही, पोरांच्या फुप्फुसांचा प्रश्न आहे. जॉबला वारा लागू न देता वास बाहेर ओढायचा तर तळाशी एक्झॉस्टचं डक्ट हवं. त्याचं कोटेशन शेठच्या टेबलावर आहे, आणि परचेसनं उन्हाळी ग्रेडची पुढची ऑर्डरही लावून ठेवली आहे.