पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, तर पाचव्या महिन्यातच बोलायला बसा

पुण्यात नोकरी, माहेर लातूरला आणि पहिलं बाळंतपण. अशा घरांत "मग तिला कधी न्यायचं?" हा प्रश्न बहुतेक वेळा डोहाळजेवणाची तारीख ठरवताना निघतो, म्हणजे सातव्या महिन्यात. तोवर उशीर झालेला असतो. रजा, विमा, तपासण्या, प्रवास या सगळ्यांचे आठवडे ठरलेले असतात आणि त्यातले बरेच हातातून गेलेले असतात. माहेरी जाणं चांगलंच. पहिला सव्वा महिना जिथे झोप आणि गरम जेवण न मागता मिळतं, तिथे बाळंतिणीनं जावं. फक्त हे ठरवायचं १८ ते २० आठवड्यांच्या दरम्यानचा अनॉमली स्कॅन (बाळाच्या अवयवांची घडण पाहणारी सोनोग्राफी) झाला की लगेच, कॅलेंडर समोर ठेवून.

आधी रजेचं गणित, कारण वाद तिथेच सुरू होतात. दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे भरपगारी रजा मिळते. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली तेव्हा ही मुदत १२ वरून २६ आठवडे झाली, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तशीच आहे. अट एवढीच की प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत निदान ८० दिवस काम झालेलं असावं. या २६ पैकी जास्तीत जास्त ८ आठवडे तारखेच्या आधी घेता येतात. घरच्या मोठ्यांच्या लक्षात येत नाही ते हे की ते ८ आठवडे वरचे नसतात, त्याच २६ मधून जातात. ३२ व्या आठवड्याला रजा सुरू केली तर बाळंतपणानंतर १८ आठवडे उरतात, म्हणजे बाळ जेमतेम चार महिन्यांचं असताना कामावर हजर. ३७ व्यापर्यंत काम केलं तर २३ उरतात, बाळ सव्वापाच महिन्यांचं होतं. सहा महिने बाळाला फक्त अंगावरचं दूध द्यायचं, तर हे पाच आठवडे फार मोलाचे आहेत.

आता रीतीप्रमाणे सातव्यात न्यायचं म्हणजे साधारण २८ वा आठवडा. २८ ते ३२ हे चार आठवडे या रजेत बसतच नाहीत. ते शिल्लक रजेतून, बिनपगारी किंवा माहेरून लॅपटॉपवर काम करून काढावे लागतात. माझं स्पष्ट मत: काम बैठं असेल आणि तब्येत ठीक असेल, तर ३३-३४ व्या आठवड्यात निघा आणि साहेबांकडून पुढचे तीन-चार आठवडे माहेरून काम करायची परवानगी आधीच, लेखी घ्या. वर्गात, वॉर्डात किंवा मशीनवर उभं राहून काम असेल तर गोष्ट वेगळी. अपेक्षित तारखेआधीच्या सहा आठवड्यांच्याही आधीचा एक महिना, म्हणजे साधारण ३० ते ३४ वा आठवडा, जड किंवा फार वेळ उभं राहायचं काम देऊ नये असा नियम आहे. पण तो आपोआप लागू होत नाही, बाईनं तशी मागणी करावी लागते. ती तोंडी करू नका. ईमेल करा, डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. आणि गरोदरपणामुळे किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणामुळे आजारपण आलं, तर पुराव्यानिशी आणखी एक महिना भरपगारी रजा मिळते. ही तरतूद ऑफिसातून सहसा कुणी आपणहून सांगत नाही.

रजेच्या अर्जाबरोबर विम्याचं विचारून घ्या. कंपनीच्या गटविम्यात बाळंतपण असेल, तर नॉर्मल आणि सिझेरियनची मर्यादा किती, खोलीभाड्याची मर्यादा किती, आणि माहेरच्या गावातलं रुग्णालय कॅशलेसच्या यादीत आहे का, हे तीन प्रश्न. यादीत नसेल तर पैसे आधी भरून नंतर मागावे लागतात आणि त्यासाठी मूळ बिलं, पावत्या, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या सगळं लागतं. डिस्चार्जच्या गडबडीत माहेरचे लोक नुसती पावती घेऊन निघतात आणि तपशिलाचं बिल राहून जातं. जन्मलेल्या बाळाचं नाव पॉलिसीत घालायला ठरावीक दिवसांचीच मुदत असते, तीही आधी विचारून ठेवा. बाळाला काचेत ठेवायची वेळ आली तर तो खर्च आईच्या बाळंतपणाच्या मर्यादेत बसेलच असं नाही.

तब्येतीच्या बाबतीत खरी गडबड होते ती डॉक्टर बदलताना. नव्या डॉक्टरांना ही बाई पहिल्यांदा दिसते तीच मुळी ३३-३४ व्या आठवड्यात. त्यांच्यासाठी सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी. बाळंतपणाची तारीख त्यावरून सर्वांत भरवशाची ठरते. तो रिपोर्ट हरवलेला असला की ३४ व्या आठवड्याच्या सोनोग्राफीवरून अंदाज करावा लागतो आणि तो दोन-तीन आठवडे इकडेतिकडे होऊ शकतो. मग "पुण्याच्या डॉक्टरांनी १० सांगितली, इथे तर २४ आली" म्हणून घर हवालदिल होतं. पहिल्या स्कॅनवरून पक्की झालेली तारीख नंतरच्या स्कॅनमुळे बदलत नाही. नंतरच्या रिपोर्टवर वेगळी तारीख छापून येते ती त्या दिवशीच्या बाळाच्या आकारावरून. ते वाढीबद्दलचं माप आहे, त्याबद्दल डॉक्टरांना विचारा, पण घरातलं कॅलेंडर बदलू नका. सोनोग्राफीचे काही फोटो थर्मल कागदावर असतात, ते काही महिन्यांत पुसट होतात. प्रत्येक कागदाचा मोबाइलवर फोटो काढून नवरा-बायको दोघांकडे ठेवा. सोनोग्राफीला जाताना डॉक्टरांची चिठ्ठी आणि आधार कार्ड हवंच. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली प्रत्येक वेळी फॉर्म भरावा लागतो, कागद नसतील तर केंद्र परत पाठवतं, आणि ते बरोबरच आहे.

निघण्याआधी जुन्या डॉक्टरांकडेच उरकायच्या दोन गोष्टी आहेत. एक, साखरेची तपासणी, २४ ते २८ आठवड्यांत. ७५ ग्रॅम ग्लुकोज साधारण ३०० मिली पाण्यात घालून पाच-दहा मिनिटांत प्यायचं आणि प्यायल्यापासून दोन तासांनी रक्त द्यायचं. आपल्याकडच्या सरकारी पद्धतीत त्यासाठी उपाशी राहावं लागत नाही. आकडा १४० किंवा वर आला तर गरोदरपणातला मधुमेह. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर त्या दिवशीची तपासणी धरायची नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा. दुसरी गोष्ट फक्त निगेटिव्ह रक्तगटाच्या बायकांसाठी: नवऱ्याचा रक्तगट पॉझिटिव्ह असेल तर २८ व्या आठवड्याच्या सुमारास अँटी-डी इंजेक्शन, म्हणजे आईच्या अंगात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून देतात ते. हे नेमकं माहेरी जायच्या धावपळीत येतं आणि दोन डॉक्टरांच्या मध्ये राहून जातं. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा द्यावं लागतं, म्हणून ते गावात मिळतं का हे आधीच विचारा.

माहेरच्या रुग्णालयाला विचारायचे प्रश्नही सांगते. रात्री सिझेरियन लागलं तर भूलतज्ज्ञ किती वेळात येतात? रक्तपेढी कुठे आहे? बालरोगतज्ज्ञ प्रसूतीच्या वेळी हजर असतात का, आणि नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग किती लांब? जुळं, खाली असलेली वार, वाढलेला रक्तदाब किंवा इन्सुलिन चालू असलेला मधुमेह असेल आणि या प्रश्नांची उत्तरं समाधानकारक नसतील, तर मुलीनं माहेरी जाऊ नये. आईनं मुलीकडे यावं. यात रीत मोडत नाही, आणि मोडली तरी चालेल.

प्रवासात सगळ्यात जास्त नुकसान करतं ते पाणी न पिणं. रात्रीच्या बसमध्ये स्वच्छतागृह नसतं म्हणून बायका संध्याकाळपासून पाणी तोडतात, लघवी धरून ठेवतात, आणि लघवीचा संसर्ग किंवा पोटात कळा येऊन पोहोचतात. शक्य असेल तर रेल्वेनं जा. गरोदर बाईला खालच्या बर्थच्या कोट्यातून जागा मिळते, खिडकीवर तिकीट काढताना डॉक्टरांचं प्रमाणपत्र दाखवा. गाडीनं जाणार असाल तर दर दीड-दोन तासांनी उतरून पाच मिनिटं चाला. सीटबेल्टचा खालचा पट्टा पोटाच्या खालून मांड्यांवर, वरचा छातीच्या मधून, पोटावरून कधीच नाही.

माहेरच्या मायेबद्दलही थोडं बोलायला हवं. "दोन जिवांचं खा" या आग्रहाला आकडा सांगा: दुसऱ्या तिमाहीपासून रोज साधारण ३५० कॅलरी जास्त पुरतात, दुप्पट जेवण नाही. लोहाची गोळी दुधाबरोबर किंवा चहानंतर देऊ नये, लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर द्यावी, आणि कॅल्शियमच्या गोळीत आणि तिच्यात निदान दोन तास अंतर ठेवावं. लोहानं शौचाला काळं होतं, बाळ काळं होत नाही. या समजापायी गोळ्या बंद केलेल्या मुली हिमोग्लोबिन ८ घेऊन बाळंतपणाला येतात, ११ च्या खाली म्हणजेच रक्त कमी. ग्रहणात तासन्‌तास उपाशी ठेवणं तर मधुमेह असलेल्या बाईसाठी सरळ धोक्याचं आहे. आणि बाळाची हालचाल कमी वाटली, डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, पाणी गेलं किंवा रक्त गेलं, तर "सकाळी बघू" म्हणायचं नाही. त्याच वेळी निघायचं.

बाळाच्या बाबांसाठी. खासगी नोकरीत पितृत्व रजेचा कायदा नाही, कंपनी देईल तेवढीच. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना १५ दिवस, बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत घेता येणारे. ही सगळी रजा बाळंतपणाच्या आठवड्यात संपवू नका. माहेरी तेव्हा हात भरपूर असतात. तीन-चार दिवस तेव्हा घ्या आणि नियमात बसत असेल तर उरलेली रजा बायको-बाळ आपल्या घरी परततील तेव्हासाठी ठेवा, कारण रात्री जागणारं दुसरं माणूस तेव्हा कुणीच नसतं. पहिल्या दिवसांत तुमच्याकडे एक काम मात्र नक्की आहे: जन्माची नोंद. ती बाळ जिथे जन्मलं त्या गावच्या नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत होते, २१ दिवसांच्या आत. बाळाचं नाव ठरलं नसेल तरी नोंद होते, नाव नंतर घालता येतं, बारा महिन्यांच्या आत शुल्कही लागत नाही. चूक होते ती आईच्या नावात. रुग्णालयातल्या कागदावर माहेरची माणसं सवयीनं माहेरचं आडनाव सांगतात, आधारवर सासरचं असतं, आणि पुढे पासपोर्टला अडतं. दाखल होतानाच आधार कार्ड पुढे करून त्यावरचं अक्षर न् अक्षर लिहून घ्या, आणि डिस्चार्जआधी रुग्णालयानं नोंदणीसाठी भरलेला फॉर्म एकदा स्वतः वाचा.