नॅनो आणि चार लोक

परवा भोसरीच्या सिग्नलला बऱ्याच दिवसांनी एक पिवळी नॅनो दिसली, आणि शेजारच्या बाइकवरची दोन पोरं तिच्याकडे बघून उगाचच हसत होती. डोक्यात गेलं राव.

आमच्याकडे पण होती ना. बाबांनी २०१२ ला घेतली, सिल्व्हर. आयुष्यभर स्कूटर चालवलेला माणूस, पहिली चारचाकी. पंपावर दरवेळी सेम सीन, तिथला पोरगा नोझल घेऊन गाडीच्या मागे जाणार, झाकण शोधणार, मग बाबा शांतपणे उतरून पुढचं बॉनेट उघडणार, कारण पेट्रोल पुढे आणि इंजिन मागे. आजूबाजूचे वळून बघायचे. बाबा अक्षरशः डेमो द्यायचे, चाकाला तीनच नट बघा, वायपर एकच बघा, मारुती ८०० पेक्षा बाहेरून छोटी पण आत जागा जास्त. आणि हे सगळं आपल्या इथल्या लोकांनी केलं, टाटा मोटर्सच्या गिरीश वाघांच्या टीमने, याचा कोण अभिमान.

मग मामेबहिणीचा साखरपुडा. कार्यालयाच्या गेटवरच मामा सगळ्यांसमोर म्हणाला, "काय दाजी, लखटकिया घेऊन आलात होय!" मामा मनाने वाईट नाही, पण लोक हसले. बाबाही हसले. त्यानंतर कुठल्याही लग्नाला बाबा गाडी मागच्या गल्लीत लावायचे आणि आई शालू सांभाळत चालत यायची.

म्हणजे बघा, पावसात स्कूटरवर चौघं जाताना बघून रतन टाटांना ही आयडिया सुचली, जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत गाडी दाखवली, एक लाख हा आकडा जगभर गाजला, २००९ ला दोन लाखांवर बुकिंग. आणि तोच आकडा गाडीला नडला. इंजिनिअरने किंमत कापली पण स्कूटरवाल्याला नुसतं छप्पर नको असतं हो, त्याला चार लोकांत गाडीतून उतरायचं असतं! स्वस्त म्हणून शिक्का बसला ही चूक झाली असं नंतर खुद्द टाटा पण बोलले. काही गाड्यांना आगी लागल्याच्या बातम्या आल्या, त्याने अजून घाण झाली हेही खरं. गुजरातमधला साणंदचा प्लँट वर्षाला अडीच लाख गाड्यांचा आणि जून २०१८ च्या अख्ख्या महिन्यात बनली किती, तर एक.

पण हे झालं विकत घेणाऱ्यांचं. पश्चिम बंगालमधल्या सिंगूरचं काय? तिथे नॅनोच्या कारखान्यासाठी जवळपास हजार एकर जमीन घेतली, बऱ्याच शेतकऱ्यांनी चेक घेतलेच नाहीत, आंदोलन पेटलं, ऑक्टोबर २००८ मध्ये प्रकल्प गुजरातला गेला. सुप्रीम कोर्टाने संपादन रद्द केलं ते २०१६ ला, तोवर भाताच्या शेतात कारखान्याचं काँक्रीट. इनोव्हेशनवर भाषण ठोकणारे आमच्या ऑफिसमध्ये ढीगभर आहेत, "रिस्क घ्या, फेल व्हा" वगैरे, पण रिस्क घेतली कुणी आणि शेत गेलं कुणाचं हे त्यांच्या एकाही स्लाइडवर नसतं. फेल व्हायला मागे काहीतरी शिल्लक लागतं की नाही?

आता बाबांकडे सेकंडहँड वॅगनआर आहे. कार्यालयाच्या अगदी गेटसमोर लावतात. फक्त जागा मिळेपर्यंत दोन-तीन चकरा माराव्या लागतात, नॅनो कुठेही घुसायची.