आमची वाटचाल : पार्किंगमधला प्लग

बाबांनी १९९८ साली कोथरूडला वायरिंगचं दुकान टाकलं, तेव्हा कामं ठरलेली होती : नव्या इमारतींचं पाइपिंग, मीटर बॉक्स, पावसाळ्यात बंद पडलेले पंप. गाडीचा चार्जर बसवायचं पहिलं काम आलं २०२० मध्ये. आदल्या ऑगस्टमध्ये इलेक्ट्रिक गाड्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला होता आणि जानेवारीत टाटांची नेक्सॉन ईव्ही ही इलेक्ट्रिक गाडी बाजारात आली होती. मला वाटलं, आता रांग लागेल. लागली नाही.

चौकशीला येणारा आधी रेंज विचारायचा, म्हणजे एका चार्जिंगमध्ये गाडी किती जाते. कंपनी ३१२ किलोमीटर म्हणते, खरी किती? मी सांगायचो, दोनशेच्या आसपास धरा. बहुतेकांचं रोजचं जाणं-येणं तीस-चाळीस किलोमीटरचं, त्यामुळे तो प्रश्न पाच मिनिटांत मिटायचा. घोडं अडायचं सोसायटीत. पेट्रोलच्या बचतीचं गणित जुळलेलं गिऱ्हाईकही 'कमिटी प्लग घेऊ देत नाही' म्हणून परत फिरायचं.

यावर तोडगा आमच्या वायरमनला सुचला. कमिटीला भीती एकच : दहा गाड्या लागल्या तर ट्रान्सफॉर्मर उडेल. तो म्हणाला, "दादा, वाद घालण्यापेक्षा मोजून दाखवू." मी आधी नाही म्हणालो, एका दिवसाची आणि रात्रीची मजुरी फुकट जाईल असं वाटलं. तो अडून बसला. क्लॅम्प मीटर, म्हणजे तारेभोवती अडकवून करंट मोजायचं यंत्र, घेऊन त्याने एका सोसायटीच्या मेन केबलवर दर अर्ध्या तासाला रीडिंग घेतलं. सकाळी गीझरच्या वेळी भार सर्वांत जास्त, रात्री बारानंतर निम्म्याहूनही कमी. १५ अँपिअरच्या प्लगवर गाडी ३.३ किलोवॉट घेते, म्हणजे दोन गीझरपेक्षा कमी. हे सगळं आलेखाच्या कागदावर काढून त्याने लिफ्टशेजारी लावलं. पुढच्याच मीटिंगला परवानगी मिळाली, आणि त्या इमारतीत वर्षभरात चार गाड्या आल्या.

मी त्याचं ऐकलं नसतं तर, हा विचार मला बरेच दिवस सोडत नव्हता. मग दुकानात नियमच केला : शनिवारी चहाला प्रत्येकाने मनात असेल ते बोलायचं. पटलं तर एका साइटवर करून बघायचं, माल आणि मजुरी दुकानाची, फसलं तर कोणाचा पैसा कापायचा नाही. केबल जमिनीवर लोळू नये म्हणून छताला लावलेला हूक पहिल्याच पावसात गंजून निखळला. पण सर्वांत लहान हेल्परची सूचना आजही रोज उपयोगी पडते. एका गिऱ्हाइकाकडे नवी केबल, नवा एमसीबी (भार वाढला की आपोआप बंद होणारा स्विच), तरी गाडी चार्जिंग घेईना. रात्री अकराला मी स्वतः गेलो, तर अर्थिंग खराब. हेल्पर म्हणाला, न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज बघितलं की अर्थिंगचा अंदाज येतो, मग ते कोटेशन देण्याआधीच का बघत नाही? तेव्हापासून पहिल्या भेटीतच बघतो.

सध्या एका जुन्या सोसायटीचं काम चालू आहे. मीटरपासून शेवटच्या पार्किंगपर्यंत साठ मीटर. ३२ अँपिअरच्या चार्जरला ६ चौरस मिलिमीटर जाडीच्या केबलवर शेवटपर्यंत व्होल्टेज कमी होतं, १० ची केबल महाग जाते. वायरमनच्या डोक्यात काहीतरी आहे. शनिवारी सांगतो म्हणालाय.