मृगातला सोमवार, दिवसभर बोलका रेडिओ

मृग निघाला. आभाळ भरून येतं आणि वारं ते घेऊन जातं. सरक्या-सोयाबीनच्या बॅगा घरात येऊन पडल्यात आणि गावात एकच विषय आहे, पेरायचं कधी. अशा दिवसांत रेडिओवरची गाणी नुसती वाजत राहतात, बोलणं मात्र कान देऊन ऐकलं जातं. म्हणून आजच्या पानावर फक्त बोलण्याची नोंद: चिंतन, बातम्या, महिलांचा कार्यक्रम, शेतीचं भाषण, फोनवरची प्रश्नोत्तरं.

पहाट. आकाशवाणीची संकेतधून, मग वंदे मातरम्, मग सनईवरचा मंगलध्वनी. शिवरंजनी रागातली ती संकेतधून गेली नव्वदेक वर्षं तशीच आहे. तिचा एक रोकडा उपयोग असा की तेवढ्या वेळात स्टेशन नीट लावून घेता येतं. परभणीची मीडियम वेव्ह १३०५ किलोहर्ट्झवर. खिशातल्या रेडिओत काळी दांडी असते, फेराइटची, तिच्यावर बारीक तारेचा वेढा. मीडियमसाठी तीच अँटेना. वर ओढायची चकचकीत दांडी एफएमची, ती कितीही उंच केली तरी परभणीला काडीचा फरक पडत नाही. फेराइटची दांडी बहुतेक रेडिओत आडवी बसवलेली असते, तेव्हा रेडिओचं तोंड किंवा पाठ स्टेशनकडे हवी. कड स्टेशनकडे झाली की आवाज खाली बसतो. पत्र्याच्या घरात आवाज येत नाही अशी तक्रार असते ती खरीच आहे, पत्रा लाटा अडवतो. रेडिओ दारात किंवा खिडकीत आणायचा. तरीही पुरत नसेल तर वायरचे पाच-सहा वेढे रेडिओभोवती घालून उरलेली वायर लिंबाच्या फांदीवर टाकायची. विजा चमकायला लागल्या की मात्र ती आधी खाली घ्यायची.

खरखर आली की लोक स्टेशनला दोष देतात. आधी घरातलं बघावं. मोबाइलचा स्वस्त चार्जर आणि एलईडी बल्ब हे आजचे मोठे चोर. चार्जर काढून बघा, बल्ब बंद करून बघा. लाईट गेल्यावर रेडिओ एकदम स्वच्छ झाला तर गडबड घरातच किंवा शेजारी आहे हे पक्कं. सेल उतरले असतील तर खूण वेगळी: हळू आवाजात बरं वाजतं, मोठा केला की घोगरं होतं.

सकाळचं चिंतन पाच मिनिटांचं, ते आपल्या जागी बरं. बातम्यांकडे मात्र बारीक लक्ष दिलं. ६.५५ ला संस्कृत, ७.१० ला प्रादेशिक. वृत्तनिवेदक ठळक बातम्या सुरुवातीला सांगतो आणि शेवटी पुन्हा सांगतो. ही पुनरुक्ती उगाच नसते. धार काढून कुणी ७.१५ ला घरात येतं, त्याच्यासाठी ती दुसरी वेळ असते. वर्तमानपत्राचं पान मागे उलटता येतं, रेडिओचं वाक्य गेलं की गेलं. बोलक्या कार्यक्रमाची सगळी कारागिरी ह्या एका अडचणीभोवती फिरते: ऐकणाऱ्याचे हात कामात आहेत, त्याला मागे जाता येत नाही आणि त्याच्याजवळ पेन्सिल नाही.

आपल्या भागाला हे बोलणं किती जवळचं आहे ते १७ सप्टेंबर १९४८ वरून कळावं. निजामाची युद्धबंदी हैदराबादच्या रेडिओवरून जाहीर झाली, आणि मराठवाडा मोकळा होतोय ही खबर अशी आवाजातून आली.

दुपार. महिलांच्या कार्यक्रमात पाककृती हमखास असते. रेडिओवर पाककृती सांगणं वाटतं तितकं सोपं नाही. करत करत जिन्नस सांगत गेलं तर ऐकणारी तिसऱ्या जिन्नसाला सोडून देते. आधी सगळं साहित्य वाटीच्या मापात, सावकाश, दोनदा. मग कृती. धपाट्याचंच घ्या: ज्वारीचं पीठ दोन वाट्या, बेसन अर्धी, कणीक अर्धी; तीळ, लसूण, मिरची, मीठ; मळायला दही किंवा ताक. एवढं पहिल्यांदा. नंतरच ओल्या फडक्यावर थापायचं, मधे बोटानं भोकं पाडायची, तेल त्या भोकांत सोडायचं. आणि जिथं बिघडतं तिथं कारण सांगायचं: फडकं सुकलं की धपाटं फडक्यालाच चिकटतं आणि तव्यावर टाकताना तुटतं. कारण सांगितलं की कृती लक्षात राहते. नुसतं ‘फडकं ओलं ठेवा’ विसरलं जातं.

संध्याकाळ. दिवसाचा गाभा म्हणजे शेतीचं भाषण. ह्या आठवड्यात विषय ठरलेला, सोयाबीनची पेरणी. परभणीचं कृषी विद्यापीठ जवळ असल्यामुळे सांगणारी जाणती माणसं ह्या भागाला कमी नाहीत. जाणकार असणं आणि रेडिओवर कळेल असं सांगणं, ही दोन वेगळी कामं आहेत.

दहा मिनिटांच्या भाषणातली पाऊण मिनिट उद्घोषणेत जाते. मराठीत सावकाश आणि स्पष्ट बोललं तर मिनिटाला ११० ते १२० शब्द होतात, म्हणजे संहिता हजार-अकराशे शब्दांची. लोक दीड हजार लिहून आणतात आणि शेवटची दोन पानं पळत वाचतात. औषधाची मात्रा नेमकी त्याच दोन पानांत असते. कापायचं तर प्रस्तावनेतून कापावं. ‘सोयाबीन हे महत्त्वाचं तेलबिया पीक आहे’ हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला कशाला सांगायचं?

संहितेचा कागद पाठकोरा, स्टेपल न केलेला. वाक्य पानाच्या शेवटी तुटू द्यायचं नाही, पुरं करूनच पान संपवायचं. वाचून झालेलं पान उचलून मागे घालायचं नाही, बाजूला सरकवायचं; कागदाची सळसळ माइकला पावसासारखी ऐकू जाते. बांगड्या, किल्ल्या, टेबलावर टेकणारं मनगटी घड्याळ, सगळं काढून ठेवायचं. माइक तोंडापासून एक वीत, पण अगदी समोर नाही, थोडा कडेला. ‘प’, ‘फ’, ‘भ’ ह्या अक्षरांचा वारा थेट माइकवर बसला की ‘फवारणी’चा फट्कन आवाज येतो.

आता आकड्यांचं. दिवसभरात सगळ्यात जास्त टिपणं ह्याचीच झाली. मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांत ९ किलोहर्ट्झचं अंतर असतं आणि साध्या रेडिओतून ४ किलोहर्ट्झच्या वरचे बारीक आवाज जवळजवळ येतच नाहीत. ‘स’ची धार त्याच्याही वर असते. म्हणून ‘साठ’ म्हटलं की कानाला कधी ‘आठ’ लागतं. ‘सात’ आणि ‘साठ’ची गल्लत तर नेहमीचीच. एकोणऐंशी, एकोणनव्वद, एकोणसाठ, एकोणसत्तर ह्यांचा अर्धा भाग ऐकण्यात गेला की उरलेल्या अर्ध्यावरून काही कळत नाही. उपाय साधा आहे: ‘साठ, म्हणजे सहावर शून्य.’ जिथं चुकलं तर नुकसान आहे तिथं आकडा दोनदा आणि दोन रीतींनी सांगायचा. आपल्या भाषेतले अडीचशे, दीडशे, सव्वा हे शब्द ह्यासाठी फार चांगले, ते दुसऱ्या कुठल्या आकड्यासारखे ऐकू येत नाहीत. ‘दोनशे पन्नास ग्रॅम’पेक्षा ‘अडीचशे ग्रॅम, म्हणजे पाव किलो’ कधीही बरं. ‘पावणेदोन’ मात्र टाळावं, तरुण पोरं तिथं अडखळतात.

कान लावून लिहिलेलं भाषण कसं असावं? एक नमुना मांडून बघितला.

‘पेरणीआधी घरच्या बियाण्याची उगवण बघा. शंभर दाणे मोजून घ्या. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या रांगेत ठेवा, गोणपाट गुंडाळा, सावलीत ठेवा, ओल राखा. चार-पाच दिवसांनी सोडा आणि मोड आलेले दाणे मोजा. सत्तर निघाले, सातावर शून्य, तर एकरी तीस किलो बियाणं. साठच निघाले, सहावर शून्य, तर एकरी पस्तीस किलो.’

इथं श्वास घ्यायचा. मग पुढचं: ‘आधी बुरशीनाशक. थायरम, एका किलोला तीन ग्रॅम. मग रायझोबियम, म्हणजे जिवाणू खत, दहा किलोला अडीचशे ग्रॅम, पाव किलो. हा क्रम उलटा करू नका. जिवाणू आधी लावले आणि वरून औषध चोळलं तर जिवाणू मरतात. सोयाबीनचं टरफल पातळ असतं, बॅग आपटू नका, बियाणं रगडून चोळू नका. सावलीत सुकवा आणि लगेच पेरा.’

आणि शेवटी, खरं तर सुरुवातीलाही, पावसाची गोष्ट: ‘७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय चाड्यावर मूठ धरू नका, म्हणजे पेरू नका.’ हे वाक्य असंच सोडलं तर फसतं, कारण वस्तीवर पर्जन्यमापक नसतो. म्हणून जोडीला खूण हवी: जमीन वीतभर खोल ओली लागली पाहिजे, वापसा आला पाहिजे, म्हणजे ओल राहून चिखल सुटला पाहिजे, आणि बी तीन ते चार सेंटिमीटर, म्हणजे दोन बोटं, एवढंच खाली जायला पाहिजे. खोल पडलं तर वर पापडी धरल्यावर मोड फुटून निघत नाही. दुबार पेरणीचा खर्च कुणाच्याच हिशेबात बसत नाही, म्हणून हे वाक्य तीनदा आलं तरी चालेल.

फोनवरची प्रश्नोत्तरं ऐकायला सगळ्यात जिवंत आणि सगळ्यात लवकर बिघडणारी. फोन करणाऱ्याचा रेडिओ शेजारी चालू असला की त्याचा आवाज फोनमधून परत आत जातो आणि शिट्टी सुरू होते. मोबाइलच्या ॲपवर ऐकणाऱ्याचं वेगळंच: ॲपवरचं बोलणं मागून येतं, त्यामुळे स्वतःचाच प्रश्न त्याला कानात उशिरा ऐकू येतो आणि तो बोलता बोलता थांबतो. म्हणून आधी रेडिओ बंद, मग गाव, मग पीक किती दिवसांचं, मग प्रश्न. साध्या फोनवरूनही ३४०० हर्ट्झच्या पुढचं फारसं जात नाही, म्हणजे ‘साठ की आठ’ इथंही आहेच. चांगला निवेदक प्रश्न पुन्हा स्वतःच्या तोंडून सांगतो: ‘पीक वीस दिवसांचं, पानं पिवळी, शिरा हिरव्या, बरोबर?’ ते ‘बरोबर’ फार मोलाचं. पानं पिवळी आणि शिरा हिरव्या म्हणजे बहुतेक लोहाची कमतरता, चुनखडीच्या रानात हमखास दिसणारी. सगळंच पान पिवळं असेल तर उत्तर वेगळं. एका शब्दानं सल्ला बदलतो.

रात्र. अंधार पडला तशी मीडियमवर लांबची स्टेशनं दाटी करायला लागली. दिवसा वातावरणाच्या वरच्या भागातला एक थर ह्या लाटा शोषून घेतो, सूर्य मावळला की तो विरतो आणि लाटा त्याच्याही वरच्या थरावरून परतून शेकडो किलोमीटरवर उतरतात. म्हणून आखाड्यावर जागलीला बसलेल्याला आपलं स्टेशन मधेच बुडाल्यासारखं वाटतं. रेडिओ थोडा फिरवून बघायचा, परकं स्टेशन जिथं दबतं तिथं ठेवायचा.

नऊच्या पुढे ‘कट्-कट्’ सुरू झालं. दूरच्या विजेचा आवाज, गडगडाट कानावर येण्याच्या कितीतरी आधी मीडियमवर येतो. दोन कटकट्यांमधलं अंतर कमी होत गेलं तर वीज जवळ येतेय असं समजून झाडाखालून उठायचं, पक्क्या घरात जायचं.

उद्या मंगळवार. विद्यापीठाचा हवामानावरचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. रेडिओशेजारच्या कॅलेंडरला दोरीनं पेन्सिल बांधून ठेवली. सेल नवीन घातलेत.