तुम्ही विचारलंत म्हणून: सगळं ऑनलाइन झालंय, तरी एका पोलीस ठाण्याचं दुसऱ्याला का कळत नाही?

मी पोलीस खात्यातून रिटायर झाले हे कळलं की समोरचा माणूस आधी नोकरीतले किस्से विचारतो आणि मग थोडा आवाज खाली आणून हा प्रश्न विचारतो. बहुतेक वेळा त्याच्या मागे काहीतरी घडलेलं असतं. कुणाचा भाऊ घरातून निघून गेला आणि तीन ठाणी पालथी घातली, कुणाची गाडी चोरीला गेली ती दुसऱ्या जिल्ह्यात कधीची पकडून ठेवली होती आणि यांना पत्ताच नाही. "अहो मॅडम, आता तर सगळं कॉम्प्युटरवर आहे ना, मग?" असं विचारतात. शेवटची बरीच वर्षं माझ्याकडे मिसिंग, म्हणजे हरवलेल्या माणसांच्या तक्रारी, आणि अकस्मात मृत्यूचं काम होतं, त्यामुळे मी त्यातूनच सांगते, कारण माहिती कुठे अडते ते तिथे सगळ्यात स्पष्ट दिसतं आणि अडली की त्याची किंमत कुणीतरी आई किंवा कुणाची तरी बायको मोजत असते.

समजा बदलापूरला राहणारा चाळिशीतला माणूस सकाळी कामाला म्हणून निघाला आणि रात्री आलाच नाही. घरचे बदलापूरच्या ठाण्यात मिसिंग देतात, ते ठाणे शहर आयुक्तालयात येतं. आता तो माणूस मुंब्रा-कळव्याच्या दरम्यान लोकलमधून पडलाय असं धरा. रूळावरचा मामला म्हणजे लोहमार्ग पोलीस, त्यांचं आयुक्तालय वेगळं. त्यात रेल्वे सुरक्षा बल म्हणजे आरपीएफ, ते राज्याचं सुद्धा नाही, केंद्राचं. जखमी असेल तर कळव्याच्या हॉस्पिटलला नेतात, जास्त लागलं असेल तर सायनला पाठवतात, आणि सायन म्हणजे मुंबई पोलिसांची हद्द, तिथल्या हॉस्पिटलच्या चौकीत अनोळखी इसम म्हणून वेगळी नोंद. माणूस बेशुद्धीतच गेला, खिशात पाकीट मोबाईल काही नाही, की झाला अनोळखी मयत. एकच माणूस, साठ-सत्तर किलोमीटरच्या आतली गोष्ट, पण तीन आयुक्तालयं आणि चार ठिकाणी कागद. यातल्या प्रत्येकानं आपलं काम नियमानं केलेलं असू शकतं बरं का, कुणीच कामचुकारपणा केलेला नाही असंही होऊ शकतं, आणि तरीही घरचे दहा दिवस बदलापूरच्या ठाण्याबाहेर बसून आहेत.

लोकांना वाटतं की ही सगळी ठाणी एकाच कॉम्प्युटरवर आहेत, मग तो कॉम्प्युटर आपोआप जुळवून का देत नाही. आहेत, एकाच सिस्टीमवर आहेत. सीसीटीएनएस म्हणतात त्याला, गुन्हे आणि गुन्हेगार यांचा माग ठेवणारं देशभरचं जाळं. केंद्रानं २००९ मध्ये मंजूर केलं, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर काही महिन्यांनी, आणि महाराष्ट्रात ते २०१५ मध्ये सुरू झालं. मी ते येण्याआधीचे दिवस पाहिलेत, कंट्रोल रूमहून वायरलेसवर वर्णन सांगायचे, ठाणे अंमलदार घाईघाईत लिहून घ्यायचा, अर्धं ऐकू यायचं नाही. त्या मानानं हे केवढं मोठं काम झालंय ते मला माहितीये आणि त्याला नावं ठेवणाऱ्यांशी मी भांडते. पण सिस्टीममध्ये माहिती *असणं* आणि ती कुणीतरी *शोधणं* ही दोन वेगळी कामं आहेत. नोंद झाली नाही तर वरून विचारणा होते, म्हणून नोंद होते. रोज सकाळी बसून आपल्याकडचे मिसिंग दुसरीकडच्या अनोळखी मयतांशी ताडून बघितले का, हे फारसं कुणी विचारत नाही. ठाण्यात ते नीट येणारा एखाद-दुसराच अंमलदार असतो, तो गणपती बंदोबस्ताला गेला की एन्ट्र्या पेंडिंग, शोधणं तर लांबच.

आणि शोधलं तरी सापडेल असं नाही, कारण वर्णन. आमच्या फॉर्ममध्ये लिहितात: वय अंदाजे ३५ ते ४०, बांधा मध्यम, रंग निमगोरा, चेहरा उभट, नाक सरळ, केस काळे. आता तुम्हीच सांगा, या वर्णनात अर्धा महाराष्ट्र बसतो की नाही? घरची माणसं आपल्या माणसाला गोरा सांगतात, पंचनाम्यात रंग सावळा येतो, पावसाळ्यात तर दोन दिवसांत चेहरा ओळखण्यापलीकडे जातो. शर्ट घरचे निळा म्हणतात, पंचनामा करणारा आकाशी लिहितो, आणि बायकोला आठवतो तो शर्ट त्यानं त्या दिवशी घातलेलाच नसतो. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग तर प्रत्येक ठाण्यात निराळं. जुळतं ते बारीकसारीक गोष्टींवर: हातावर गोंदलेलं नाव, ऑपरेशनचा व्रण, पुढचा तुटका दात, पँटच्या आत शिवलेलं टेलरचं लेबल. आमचे एक जुने हवालदार होते, ते मयताचे कपडे आधी उलटे करून बघायचे, लेबलवर दुकानाचं नाव आणि गाव असायचं, त्या टेलरपर्यंत माणूस पाठवायचे आणि तिथून घर सापडायचं. आता रेडिमेड कपड्यांमुळे तेही कमी झालं. म्हणून मी मिसिंग घेताना घरच्यांना अर्धा तास बसवून असल्या खुणा विचारायचे, लोकांना राग यायचा, तुम्ही शोधायचं सोडून हे काय विचारताय म्हणून, पण शोधणं म्हणजे तेच होतं.

आता मला जे खरं सांगायचंय ते सांगते. माहिती अडते कारण माहिती देणाऱ्याला उत्तर येत नाही. मी एका ठाण्याला कळवलं की तुमच्याकडच्या मिसिंगसारखा मयत आमच्याकडे आहे, घरच्यांना पाठवा. पुढे काय झालं? आले का, ओळखलं का, नाही ओळखलं तर कशावरून नाही? काही नाही, फोन नाही, दोन ओळी नाहीत. असं पाच-सात वेळा झालं की माणूस कळवायचं सोडतो, किंवा फक्त ओळखीच्याला कळवतो, ज्याच्याबरोबर ट्रेनिंगला होता, ज्याच्याबरोबर बंदोबस्ताला उभा होता त्याला. विहिरीचं आहे तसंच आहे हे, उपसा थांबला की झरे बुजतात. हल्ली व्हॉट्सअॅप ग्रुप आहेत आणि त्यांच्यामुळे खरंच खूप माणसं सापडली, मी स्वतः बघितलंय की रात्री अकराला फोटो टाकला आणि सकाळी सहाला घरचे दारात. पण ग्रुप चालवणारा अंमलदार बदलून गेला की ग्रुप थंड होतो, कुणी काय कळवलं याची कुठेही नोंद राहत नाही, आणि मयताचे फोटो असे हजार मोबाईलमध्ये फिरणं हेही मला पटत नाही, त्या माणसाची म्हणून काही लाज राखायला हवी.

त्यात आणखी एक गोष्ट आहे, ती खात्यातले लोक उघड बोलत नाहीत. गुन्हा उघडकीस आला की त्याचं श्रेय ज्या ठाण्यानं किंवा शाखेनं आरोपी पकडला त्याला. प्रेसनोट त्यांची, रिवॉर्ड त्यांना, क्राइम मीटिंगला शाबासकी त्यांना. डीबीच्या, म्हणजे ठाण्याच्या गुन्हे शोध पथकाच्या, ज्या पोरानं शेजारच्या तालुक्यातून टीप दिली त्याचं नाव कुठेच नाही. मग एलसीबी, म्हणजे जिल्ह्याची स्थानिक गुन्हे शाखा, ठाण्याला सांगत नाही, ठाणं एलसीबीला सांगत नाही, दोघंही एकाच सराईताच्या मागावर वेगवेगळ्या गाड्या घेऊन फिरतात. पोरं वाईट नसतात हो, जीव टाकून काम करतात, पण ज्याला तुम्ही गुण द्याल तेच वाढणार. मासिक आढाव्यात 'दुसऱ्या ठाण्याला दिलेल्या माहितीवरून उघड झालेले गुन्हे' असा एक रकाना टाकला आणि तो वाचून दाखवायला लागले, तर सहा महिन्यांत फरक दिसेल असं मला मनापासून वाटतं.

हद्दीचा वाद कायद्यानं बराच सोडवलाय. दिल्लीतल्या निर्भया प्रकरणानंतर, २०१३ मध्ये, वर्मा समितीच्या अहवालापासून झिरो एफआयआर वर आला, म्हणजे हद्द कुणाचीही असो, समोर आलेल्याचा गुन्हा आधी नोंदवून घ्यायचा आणि मग ज्यांची हद्द त्या ठाण्याकडे वर्ग करायचा. १ जुलै २०२४ पासून तर नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच आलंय की गुन्हा कुठल्याही भागात घडलेला असला तरी खबर घ्यायची. 'आमच्या हद्दीत येत नाही' हे वाक्य तुम्हाला कुणी ऐकवलं तर हे कलम सांगा. पण वर्ग केलेला गुन्हा पलीकडे पोचला का, त्यांनी नंबर दिला का, हे तक्रारदाराला कळवायचं काम पुन्हा कुणाचंच धड नाही, आणि ती बाई परत दोन्हीकडे फेऱ्या मारते.

मोठ्या तपासातही हेच बघायला मिळतं. डॉ. दाभोलकरांचा खून पुण्यात, ऑगस्ट २०१३. कॉम्रेड पानसरे कोल्हापूर, फेब्रुवारी २०१५. कन्नड लेखक प्रा. कलबुर्गी धारवाड, ऑगस्ट २०१५. पत्रकार गौरी लंकेश बेंगळुरू, सप्टेंबर २०१७. दोन राज्यं, चार शहरं, आणि पुणे पोलीस, सीबीआय, दोन राज्यांच्या वेगवेगळ्या टीम. लंकेश प्रकरणात कर्नाटकच्या एसआयटीनं, म्हणजे विशेष तपास पथकानं, धागा पकडला, प्रयोगशाळेनं गोळ्या ताडून बघितल्या आणि कलबुर्गी व लंकेश यांच्यावर एकाच पिस्तुलातून गोळ्या झाडल्याचं निघालं. मग २०१८ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकानं, एटीएसनं, नालासोपाऱ्यात कारवाई केली आणि तिथून सीबीआय दाभोलकरांच्या खुनातल्या शूटरपर्यंत पोचली, खुनाला पाच वर्षं होत आल्यावर. १० मे २०२४ ला पुण्याच्या कोर्टानं दोघांना जन्मठेप दिली, तिघं सुटले. एकमेकांशी बोलल्यावर धागे जुळतात हे यातून कळतं, पण मला राहून राहून वाटतं की ते बोलणं २०१५ मध्येच एका टेबलावर झालं असतं तर.

जिथे उत्तर देणं सक्तीचं केलं तिथे काय होतं तेही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी फक्त रडगाणं गातेय. सायबर फसवणुकीचा १९३० नंबर घ्या. २०२१ मध्ये आधी १५५२६० अशा नंबरावर ही सोय सुरू झाली, नंतर १९३० झाला. तुम्ही फोन केलात की तुमचा व्यवहार सिस्टीमवर चढतो आणि ज्या बँकेत पैसे गेले त्या बँकेच्या पुढ्यात येतो. पैसे तिथे असतील तर ते रोखून धरायचे, पुढे गेले असतील तर कुठल्या बँकेत गेले ते तिथंच भरायचं, मग पुढच्या बँकेच्या पुढ्यात. पोलीस, बँका, वॉलेटवाले सगळे एका ठिकाणी, आणि कुणी किती वाजता काय केलं ते दिसतं. म्हणून पहिल्या तासाभरात फोन केला तर पैसे वाचायची शक्यता खूप वाढते. पैशाच्या बाबतीत हे जमवलं ना आपण? मग हरवलेल्या माणसाच्या बाबतीत का नाही जमवायचं? मिसिंगशी मिळताजुळता मयत सिस्टीमला दिसला की दोन्ही ठाण्यांच्या पुढ्यात आला पाहिजे आणि 'बघितलं, जुळलं' किंवा 'बघितलं, या खुणेमुळे जुळत नाही' असं भरल्याशिवाय तो तिथून हलताच कामा नये.

हरवलेलं मूल असेल तर निदान सुप्रीम कोर्टाच्या २०१३ च्या आदेशामुळे अपहरणाचा गुन्हा दाखल करून तपास करावाच लागतो. सज्ञान माणसाची मात्र नुसती नोंद होते, बाई असेल तर 'गेली असेल कुणाबरोबर', पुरुष असेल तर 'कर्ज असेल' आणि फाईल खाली जाते. डीएनएचं एक विधेयक होतं २०१९ चं, त्यात हरवलेल्या व्यक्ती आणि अनोळखी मयत यांच्यासाठी स्वतंत्र सूची करायची तरतूद होती, ते २०२३ मध्ये मागे घेतलं. सगळ्या आरोपींचा डीएनए सरकारकडे असावा का यावर लोकांचे आक्षेप होते आणि ते मला रास्त वाटतात, माहिती वाटून घेणं म्हणजे कुणाचीही माहिती कुणीही उघडून बघणं नव्हे, कुणी काय उघडलं याची नोंद राहिलीच पाहिजे. पण या दोन सूच्यांपुरता वेगळा छोटा कायदा करता आला असता. आई स्वतःहून रक्त द्यायला तयार असते, तिच्या परवानगीचा प्रश्नच कुठे येतो.

तोवर, तुमच्या घरी कधी अशी वेळ आली (येऊ नये) तर एवढं करा. चोवीस तास थांबू नका, तसा कुठलाही नियम नाही. फोटो अलीकडचा द्या, लग्नातला मेकअपवाला नको. गोंदण, व्रण, दात, चष्मा, चपलेचा नंबर हे कागदावर लिहूनच घेऊन जा आणि फॉर्ममध्ये आलंय की नाही ते वाचून बघा. मिसिंगचा नंबर आणि तपासी अंमलदाराचं नाव लिहून घ्या. मुंबईच्या बाजूला असाल तर त्याच दिवशी लोहमार्ग पोलिसांकडे आणि मोठ्या हॉस्पिटलच्या पोलीस चौक्यांत स्वतः जा, त्यांना मिसिंगचा नंबर द्या. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर अनोळखी मृतदेहांची माहिती बघता येते, ते बघायला घरातला मन घट्ट असलेला एक माणूस ठरवा, आईला बसवू नका. आणि माणूस सापडला, कसाही सापडला, तर जिथे जिथे कळवलं होतं त्या प्रत्येक ठिकाणी फोन करून सांगा, म्हणजे तिथला माणूस दुसऱ्या कुणाच्या तरी कामाला लागेल.